घरात ठेवायची शॉटगन: १२ बोर पंप घेऊ ना?

कडीकोयंडा
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं घर वस्तीपासून जरा लांब आहे. वर्षभरात दोनदा रात्री कुणीतरी मागच्या दाराची कडी हलवून गेलं. परवाना हातात आहे, त्यामुळे तो विषय नको. प्रश्न बंदुकीचा. घरात मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. मी सहा फुटी, बायको पाच फुटाला इंचभर कमी. माझं मत १२ बोर पंप-ॲक्शनकडे (नळीखालचा दस्ता मागे-पुढे ओढून काडतूस भरायची ती) झुकतंय. कारणं तीन:

१. शॉटगनला नेम धरावा लागत नाही. समोर धरायची आणि चाप ओढायचा.
२. पंपाचा तो ‘खच्याक-खच्याक’ आवाज ऐकूनच माणूस पळतो.
३. बारीक छर्ऱ्याची काडतुसं भरली की भिंतीपलीकडच्याला धोका नाही.

बरोबर आहे ना? मॉडेल सुचवा.

टाचणी
वाखूसा (वाचनखूण साठवली). आता दुनळीकाका येतील आणि तिन्ही मुद्द्यांची सालं काढतील.

दुनळी
आलो.

पहिला मुद्दा. हा गैरसमज इतका पसरलाय की छर्रे पसरत नाहीत तेवढा. घरासाठीच्या शॉटगनची नळी साधी, चोक नसलेली (टोकाशी न आवळलेली) धरा. ढोबळ हिशेब असा, की बकशॉटचा, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचा, झुपका दर मीटरला साधारण अडीच सेंटिमीटर रुंद होत जातो. खोलीतलं अंतर किती? चार-पाच मीटर. म्हणजे झुपका तळहाताएवढा. बाजूने निघून जायला तेवढी जागा पुष्कळ झाली. नेम धरावाच लागतो, आणि तोही अंधारात, छाती धडधडत असताना.

दुसरा मुद्दा. आवाजाने पळणारा माणूस ‘कोण आहे रे?’ एवढ्यानेही पळतो. न पळणाऱ्याला मात्र तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते त्या आवाजाने कळतं. आवाज हा झाला तर फायदा, त्यावर बेत रचू नये.

तिसरा मुद्दा सगळ्यांत नाजूक. ८ नंबरचा छर्रा जेमतेम २.३ मिलिमीटरचा, पक्ष्यांसाठी केलेला. कातडीवर भयानक दिसणारी जखम होते, पण आत खोल जात नाही. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने गोळ्यांची चाचणी नव्याने बांधली. त्यांचा निकष आहे शरीराच्या जागी धरलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ आणि फार तर १८ इंच शिरावी. बारीक छर्रा त्याच्या अर्ध्यावरही जात नाही. उलट, जे काडतूस तिथवर पोचतं ते फळ्या ठोकलेल्या पोकळ भिंतीतून आरपार जाणारच. या दोन्ही गोष्टी एकाच काडतुसात मिळत नाहीत. तेव्हा गोळी कुठल्या दिशेने सुटणार, याचा विचार बंदूक घेण्याच्या आधी करा.

घरात उभे राहून पाहा: झोपायच्या खोलीच्या दारातून नेम धरला तर त्या रेषेच्या मागे कोण झोपलेलं असतं?

कडीकोयंडा
बापरे. तिन्ही गेले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच जाऊन पाहिलं. मुलीची खोली.

मग छर्ऱ्याऐवजी भरायचं काय?

सुतारपक्षी
डबल-ओ बकशॉट. एकेक गोळी ८.४ मिलिमीटरची, १२ बोरच्या पावणेतीन इंची काडतुसात आठ नाहीतर नऊ. मी आठवाली वापरतो. का, ते सांगतो.

मागे एकदा मैदानावर खरडा कागदाचे मोठे ताव टांगले आणि ३, ५, ७ नि ९ मीटरवरून एकेक बार काढला. प्रत्येक भोकाभोवती पेनाने गोल केला, झुपक्याची रुंदी पट्टीने मोजली. तीन मीटरवर एकच खरबरीत, कडा फाटलेलं भोक. चहाचा कप उपडा ठेवला तर झाकला जाईल एवढं. पाचवर भोकं सुटी दिसायला लागली. सातवर आठ भोकं एकत्र आणि नववं भलतीकडे, बाकीच्यांपासून वीतभर लांब. कागद बदलला, पुन्हा तेच. चोथा कागद लावला तोवर मला त्या नवव्या गोळीचा रागच आला होता. चौकशी केल्यावर कळलं की हे माझ्याच नशिबी नाही. नऊ गोळ्यांच्या काडतुसात एक गोळी अशी वाट सोडून जाते, ही नेमबाजांमधली जुनी तक्रार आहे. मग आठ गोळ्यांचं, फ्लाइटकंट्रोल वॅडवालं (वॅड म्हणजे काडतुसातली गोळ्यांची वाटी) खोकं आणलं. ती वॅड गोळ्यांना नळीतून बाहेर पडल्यावरही काही अंतर धरून ठेवते. नऊ मीटरवर झुपका मुठीएवढा!

सांगायचं इतकंच, की तुमच्या नळीतून तुमचं काडतूस काय करतं ते खोक्यावर छापलेलं नसतं. कागद टांगा.

टाचणी
*चौथा कागद

सुतारपक्षी
चौथा, चौथा. बाई, तुमच्या नावाला जागता हो.

शंकासुर
सगळे काडतुसांत शिरलेत म्हणून वेगळा सूर लावतो. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. ज्या घरात बंदूक, त्या घरात खून होण्याची शक्यता साधारण २.७ पट, असा त्यांचा निष्कर्ष. आणि मारणारे बहुतेक घरातले नाहीतर ओळखीचे. धागाकर्त्याने आधी दार का पक्कं केलं नाही?

दुनळी
अभ्यास माहीत आहे. त्यावर झालेली टीकाही माहीत आहे. ज्यांच्या जिवाला आधीच धोका आहे तेच बंदूक घेतात, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? पण दाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि एक भर माझ्याकडून. घरात कुणाचं मन ठीक नसेल, कुणी निराशेत असेल, तर बंदूक घरात आणू नये. असलेली बाहेर काढावी. त्यावर मी वाद घालत नाही.

कडीकोयंडा
शंकासुर, रास्त बोललात. दाराचं काम काढतो. बाकी घरात सगळं ठीक आहे.

पण मुलगी नऊ वर्षांची आहे. कुलूप लावून ठेवली तर वेळेला उघडणार कशी, आणि न लावता ठेवली तर झोप कशी लागणार?

रानमांजर
कुलूप लावूनच. यात दोन मतं नाहीत. ‘माझं मूल हात लावणार नाही, मी सांगून ठेवलंय’ असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांच्या मुलांना कपाटाच्या वरचा डबासुद्धा सापडतो. आकडे दाबून किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी भिंतीतली तिजोरी मिळते, दोन-तीन सेकंदांत उघडते. अंधारात, डोळे मिटून, वीसदा उघडून बघा. बॅटरी कधी बदलली ते आत चिकटपट्टीवर लिहा. जास्तीची काडतुसं वेगळ्या कुलपात.

आता मला ज्यासाठी लिहायचं होतं ते. तुमच्या पोस्टमध्ये बायको एका वाक्यात येते, उंची सांगण्यापुरती. तुम्ही बाहेरगावी असाल तेव्हा बंदूक कोण उचलणार आहे?

मी पाच फूट एक इंच. नवऱ्याने हौसेने १२ बोर आणली होती. तिचा दस्ता माझ्या हाताला लांब पडायचा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत नेहमी साधारण १४ इंच असतात, मला साडेबारा लागतात. लांब दस्ता खांद्यात नीट बसेना म्हणून मी मागे कलून उभी राहायची. पहिल्या बाराला दस्ता खांद्याच्या खोबणीत नव्हता, दंडावर होता. दहा दिवस तिथे जांभळं होतं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे पुढच्या प्रत्येक बाराला चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. ती सवय मोडायला सहा महिने गेले. २० बोर घेतली, आखूड दस्ता बसवला, तेव्हा कुठे.

२० बोरला हसणारे भेटतील. हसू द्या.

कडीकोयंडा
रानमांजर, खरं सांगतो, तिला विचारलंच नव्हतं. आज विचारलं. म्हणाली, ‘मला वाटलं तुझं खेळणं आहे.’

निशाचर
दंडवत वहिनींना.

पोपटपंची
आधी मला कुणीतरी बोर म्हणजे काय ते सांगा. २० हा आकडा १२ पेक्षा मोठा, मग बंदूक लहान कशी? (अवांतर असेल तर माफी.)

दुनळी
अवांतर नाही, सगळ्यांनी विचारायला हवा असा प्रश्न आहे. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोर, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक लहान होणार. ती २० बोर, सुमारे १५.६. अपवाद .४१०. तो आकडा थेट इंचातला व्यास आहे. .४१० हलकी म्हणून लोक भुलतात, पण तिच्यात बसतातच थोड्या गोळ्या. मी घरासाठी सुचवत नाही.

आणि हे मोठ्या अक्षरांत वाचा. घरात १२ आणि २० दोन्ही असतील तर काडतुसं एका खिशात, एका खणात, एका टेबलावरही येऊ देऊ नका. २० बोरचं काडतूस १२ च्या चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाचा काडतुसाचा कप्पा) पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. तुम्हाला वाटतं भरायचं राहिलं. तुम्ही मागून १२ बोरचं भरता नि चाप ओढता. नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. म्हणूनच २० बोरची काडतुसं पिवळी करायची पद्धत पडली.

सुतारपक्षी
त्याच जातीची दुसरी गंमत: ‘४ नंबर’ दोन असतात. ४ नंबर छर्रा ३.३ मिलिमीटरचा आणि ४ नंबर बक ६.१ मिलिमीटरचा. खोकं घेताना ‘बक’ शब्द वाचा.

निशाचर
पंप की सेमी-ऑटो यावर कुणीच भांडत नाहीये. तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?

माझं मत सेमी-ऑटो, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. पंप साधा, पंप दणकट, पंप कुठलंही काडतूस खातो, हे सगळं खरं. पण पंप चालवतं कोण? घाबरलेला माणूस. घाईत पुढचा दस्ता पुरता मागे ओढला जात नाही. रिकामं काडतूस अर्धवट बाहेर, नवं अर्धवट आत, बंदूक अडकून बसली. मैदानावर नव्यांचं हे रोज बघतो. त्याला शॉर्ट-स्ट्रोक म्हणतात. सेमी-ऑटोला ते दुखणं नाही. शिवाय बाराच्याच गॅसवर चालणारी असेल, बेरेटा १३०१ सारखी, तर खांद्याला दणका कमी बसतो. एका हातावर काम चालवायची वेळ आली तर पंप जवळजवळ निरुपयोगी.

पंप-प्रेमींनो, या.

दुनळी
आलोच. रेमिंग्टन ८७० हे १९५० पासूनचं मॉडेल, एक कोटीच्या वर खपलेलं, ते काय फक्त स्वस्त म्हणून? सेमी-ऑटो घेतली तर तिच्या आवडीनिवडी सांभाळा. इनर्शियावर, म्हणजे बाराच्या धक्क्यावर चालणाऱ्या बंदुकीला हलकं काडतूस दिलं, किंवा दस्ता खांद्याला घट्ट न लावता धरली, तर ती मध्येच रुसते. गॅसवालीची साफसफाई जास्त. पंपाला हे चोचले नाहीत. शॉर्ट-स्ट्रोक ही सरावाची खोट, बंदुकीची नाही.

अवांतर: पंपाची दहशत जुनी आहे. विंचेस्टर १८९७ पहिल्या महायुद्धात खंदकांत गेली, तेव्हा सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता. तिचा चाप दाबून धरून नुसता पंप मारत राहिलं तरी बार उडत. आजच्या बहुतेक बंदुकांत तशी सोय नाही, ते बरंच आहे.

निशाचर
सरावाची खोट म्हणताय, पण धागाकर्ता वर्षातून किती वेळा सराव करणार? काका, तुम्ही चाळीस वर्षं पंप मारताय. तुमचा हात झोपेतही पुरता मागे जातो.

दुनळी
हं. यावर उत्तर नाही माझ्याकडे.

रानमांजर
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

डावखुरा
एका वाक्यात: डावखुऱ्यांनी सेफ्टी (चाप अडवणारी कळ) कुठे आहे ते बघून घ्या. ८७० ची चापामागे आडवी, उजव्यांच्या सोयीची. मॉसबर्ग ५०० ची वर, अंगठ्याखाली, दोघांना सारखी. मात्र मॉसबर्गला पिस्तुलासारखी मूठ बसवली की अंगठा तिथवर पोचत नाही. मी मूठ बसवून पैसे वाया घालवलेत.

कडीकोयंडा
बायको डावरी आहे! हे मला सुचलंच नव्हतं. डावखुरा, आभार.

नळीच्या लांबीचं काय? सगळीकडे साडेअठरा इंच दिसतंय.

सुतारपक्षी
अमेरिकेत १९३४ च्या कायद्याप्रमाणे १८ इंचांहून आखूड नळीच्या शॉटगनला वेगळी नोंदणी लागते, म्हणून कारखाने १८-१८.५ वर थांबतात. घरात वळायला तेवढी बरी. शिकारीची २८ इंची नळी घेऊन एकदा तुमच्या बोळातून वळून बघा, दाराच्या चौकटीला टोक आपटतंच.

कडीकोयंडा
आणि भरून ठेवायची कशी? चेंबरमध्ये काडतूस हवं की नको?

दुनळी
नको. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतली पिन अडवत नाही. बंदूक नीट आपटली तर पिन आपल्या वजनाने पुढे जाऊन काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आदळू शकते आणि बार उडतो. म्हणून पंपाची रीत अशी: चेंबर रिकामं असल्याची बोट घालून खात्री, पंप पुढे, नळी सुरक्षित दिशेला धरून रिकामा चाप ओढायचा, सेफ्टी लावायची, मग मॅगझिन (काडतुसं साठवायची नळी) भरायचं. चाप ओढलेला असल्यामुळे पंप मोकळा राहतो. वेळ आली की पुरता मागे, पुरता पुढे, बस्स.

शंकासुर
दुनळीकाका, माझा एक खरा प्रश्न, खोडी नाही. रात्री पाण्यासाठी उठलेला घरचाच माणूस आणि चोर, अंधारात फरक कसा करता?

दुनळी
उजेडाने. जेफ कूपर या अमेरिकी नेमबाजी-प्रशिक्षकाने घालून दिलेल्या चार नियमांतला चौथा तोच आहे: समोर कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे कळल्याशिवाय नाही. पण एक मेख आहे. बंदुकीवर टॉर्च बसवला तर ज्याच्यावर उजेड पाडाल त्याच्यावर नळी रोखलेली असते, म्हणजे मोडतो दुसरा नियम: ज्याला मारायचं नाही त्याच्यावर नळी रोखायची नाही. तेव्हा बघण्यासाठी वेगळा टॉर्च, किंवा सरळ भिंतीवरचं दिव्याचं बटण. लोक बटण विसरतात! आणि आधी घरातली डोकी मोजायची. आपली माणसं एका खोलीत, दार बंद, फोनवर पोलीस, नळी दाराकडे. घरभर शोधत फिरायचं नाही. सामान गेलं तर जाऊ दे.

टाचणी
काका, त्या बंद खोलीत बार उडाला तर कानांचं काय?

दुनळी
१४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाज कायमचं नुकसान करू शकतो, आणि शॉटगन १५० च्या वर जाते. माझ्या उजव्या कानात तिशीपासून रातकिडा बसलाय. तिजोरीत इअरमफ ठेवा. मायक्रोफोनवाला घेतलात तर बोलणं ऐकू येतं.

कडीकोयंडा
मंडळी, दीड महिन्याने परत आलो. वृत्तांत देणं लागतो.

प्रशिक्षकाकडे चार रविवार दोघंही गेलो. तिथे भाड्याने तीन बंदुका चालवल्या. १२ बोर पंप, पूर्ण ताकदीचं काडतूस: मला जमली, बायकोने एक बार काढून निमूट खाली ठेवली. तीच बंदूक, कमी धक्क्याचं काडतूस, म्हणजे वेग सेकंदाला चारशे मीटरवरून साडेतीनशेच्या आसपास: तिने पाच काढले, दोनदा शॉर्ट-स्ट्रोक. (निशाचर, तुमची आठवण काढली.) मग २० बोर, गॅसवाली सेमी-ऑटो, आखूड दस्ता. पाच बार, पाचही कागदावर, आणि माझ्यापेक्षा लवकर. प्रशिक्षक माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

घेतली ती २० बोर. मला दस्ता इंचभर आखूड पडतो. कोपर जरा जास्त वाकवतो, चालतंय. सेफ्टी उलटी फिरवून डाव्या हाताची करून घेतली, आता चुकायची पाळी माझी. रोज रात्री रिकाम्या बंदुकीवर दहादा तर्जनी फिरवतो.

मुलीच्या खोलीचं: खोली बदलता येत नव्हती. पलंग समोरच्या भिंतीकडून काढून बाजूच्या विटांच्या भिंतीला लावला, आणि मधल्या पोकळ भिंतीला पुस्तकांचं कपाट, गच्च भरून. कपाटाने गोळी थांबतेच अशा भ्रमात मी नाही, म्हणून आम्ही उभं राहायची जागाच बदलली. आता नेमाची रेषा बाहेरच्या भिंतीवर संपते. तिला चावीची जागा सांगितलेली नाही, पण बंदूक काय असते ते रिकामी करून दाखवली. दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर पडायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, हे तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

आणि शंकासुर, मागच्या दाराला लोखंडी आडणा टाकलाय, बाहेर माणूस हलला की पेटणारा दिवा बसवलाय. बंदुकीच्या तीन आठवडे आधी.

शंकासुर
वाचून बरं वाटलं. कडी परत हलली का?

कडीकोयंडा
दिवा दोनदा पेटला. दोन्ही वेळा मांजर.

रानमांजर
निषेध. आम्ही कडी हलवत नाही.

कडीकोयंडा
:) शेवटचा प्रश्न. मॅगझिनमध्ये भरून ठेवलेली काडतुसं कधी बदलायची? स्प्रिंग मरते म्हणतात.

सुतारपक्षी
स्प्रिंग दाबून ठेवल्याने फारशी मरत नाही. मरतात ती काडतुसं. प्लास्टिकची असतात, महिनोन्‌महिने स्प्रिंगच्या दाबाखाली राहिली की फुगतात, पिचकतात आणि ऐन वेळी चेंबरमध्ये अडतात. दर तीन-चार महिन्यांनी काढा, सपाट टेबलावर गडगडवून बघा. वेडीवाकडी लोळली तर सरावाला वापरून टाका.

कडीकोयंडा
आत्ताच काढून गडगडवली. पाचपैकी एक लंगडतंय. रविवारी कागद टांगतो.